खुलासा : शुईनार्ड इक्विपमेंट कशामुळे बुडाली?

"शुईनार्डचे हार्नेस तुटायचे, म्हणून कंपनी बुडाली" हा मेसेज (हार्नेस म्हणजे चढताना कमरेला-मांड्यांना बांधायचे सुरक्षा-पट्टे) धुळे-जळगावच्या ट्रेकर मंडळींत फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका, तो चुकीचा आहे.

अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन शुईनार्डने 1957 मध्ये स्वतः घण मारून पिटॉन (खडकाच्या भेगेत ठोकायच्या धातूच्या खुंट्या) घडवायला घेतले. 1970 पर्यंत त्याची शुईनार्ड इक्विपमेंट ही अमेरिकेतली गिर्यारोहण साहित्याची सर्वांत मोठी कंपनी झाली. 1989 च्या दिवाळखोरीमागे होते कोर्टकज्जे, आणि त्यांत मुख्य आरोप होता वापराबाबत पुरेशी सूचना न दिल्याचा. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांनीच मालमत्ता विकत घेऊन 'ब्लॅक डायमंड' उभी केली.

म्हणून लळिंग किल्ल्यावर जाताना हार्नेसच्या कंपनीचं नाव नंतर बघा. हार्नेसच्या जुन्या पद्धतीच्या बकलमधून पट्टा उलटा फिरवून पुन्हा ओवलाय ना, ते आधी बघा. एकेरी राहिलेला पट्टा भार पडताच सरकून निघू शकतो.