सदतीस मण्यांची माळ

काल, ऐन सोमवारी, लोकलमध्ये नाहूर आणि भांडुपच्या मध्ये कुठेतरी माझी मागणी फेटाळली गेली. चार महिन्यांनी उत्तर आलं, तेही दोन ओळींचं.

मागणी साधी होती. डेटाबेस सांभाळायचं एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) टूल मी रोज वापरतो (नाव सांगत नाही, उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय). आमचे ग्राहक ३७, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकाचा स्कीमा, म्हणजे माहितीचा कप्पा, वेगळा. दर सोमवारी एकच क्वेरी, म्हणजे माहिती काढायचा हुकूम, ३७ वेळा. स्कीमा बदला, रन करा, निकाल सेव्ह करा, पुन्हा स्कीमा बदला. म्हणून लिहिलं, एडिटरमध्येच व्हेरिएबल आणि लूप (तेच काम आपोआप पुन्हा पुन्हा करणारा) द्या, छोटीशी स्क्रिप्ट चालू दे. चंद्र मागितला नव्हता. पीजीअ‍ॅडमिनच्या (पोस्टग्रेससाठीचंच टूल) तिसऱ्या आवृत्तीत पीजीस्क्रिप्ट नावाने हेच होतं. २०१६ साली चौथी आली आणि ते गेलं.

उत्तराची पहिली ओळ : 'ही मागणी आधीच आलेली आहे, म्हणून बंद.' ती आधीची उघडून बघितली. ती 'फारशी मागणी दिसत नाही' म्हणून बंद. किती जणांनी मागणीला 'आवडली'चा अंगठा दिला ते मोजतात म्हणे. माझ्या मागणीला एक होता.

"नाही म्हणाले का?"

तिसऱ्या सीटवरचे काका. मी चौथ्या सीटवर, म्हणजे एक मांडी रेल्वेची, दुसरी माझ्या जबाबदारीवर, आणि मोबाइल बरोबर काकांच्या चष्म्याखाली.

"हो ना."

"पण तुम्हाला ते पाहिजे कशाला?"

चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विरघळलो. भांडुप ते विक्रोळी, स्कीमा, क्वेरी, लूप, सगळं सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे तेच ते ३७ वेळा."

"अगदी बरोबर!"

"माझ्या जपमाळेत १०८ मणी आहेत. मी कधी म्हटलं, लूप द्या?"

समोरच्या भजनी मंडळातल्या टाळवाल्याने दाद म्हणून टाळ वाजवला. एकच, पण लागला.

"काका, मणी सुटला तर देव फोन करत नाही. माझा एकोणिसावा स्कीमा राहिला की ग्राहक करतो."

"एकोणिसावाच का राहतो?"

"तेव्हा चहा येतो."

"मग चहा विसाव्यानंतर घ्या." काकांनी चष्मा सारखा केला. "एवढ्यासाठी लोकांकडे मागणी कशाला करायची?"

काकांचा राग नाही. निदान ते एकोणिसाव्यापर्यंत तरी पोचले. टूलवाल्यांची दुसरी ओळ होती, 'कोड लिहून पाठवा, स्वागत आहे.' हे 'येवा कोकण आपलोच आसा'सारखं झालं. प्रेम खरं, पण गणपतीचं रिझर्व्हेशन तुमचं तुम्ही बघा. फुकट राबतात बिचारे, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, कळतं मला. शिंग लागल्यावर ओरडू तरी द्याल?

शिवाय एका सज्जनाने त्या उत्तराखाली सल्ला ठेवला होता : पीएसक्यूएलमधलं (पोस्टग्रेसची हुकूम टाइप करायची काळी खिडकी) जीएक्झेक वापरा, ते क्वेरीतून आलेले हुकूम एकामागून एक चालवतं. छानच आहे ते, पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीपासून आहे. पण मी रजेवर असलो की हे काम अकाउंट्सच्या बाई करतात, आणि काळी खिडकी उघडली की त्यांना वाटतं कॉम्प्युटर गेला. डू ब्लॉक, म्हणजे पोस्टग्रेसमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम, म्हणाल तर त्यात लूप फिरतो, पण सिलेक्ट क्वेरीचा निकाल समोर येत नाही. निकालच नको असता तर ३७ ग्राहकांच्या मागे कशाला लागलो असतो?

घाटकोपरला काका मेट्रोसाठी उठले. मी सरकून तिसऱ्या सीटवर आलो. चार महिन्यांत मंजूर झालेली माझी एवढी एकच मागणी. दारातल्या गर्दीतून काकांनी मागे वळून अंगठा दाखवला. कुठल्या अर्थाने, ते कळायच्या आत गाडी सुटली.

मी तो मोजला. आता दोन झाले. पहिला माझाच होता.