दिसून नाही राहिला!

धरमपेठेत आमच्या भाऊजींचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. विंडोजवाले चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि साऱ्या फायली एकाच पेनड्राइव्हवर. तो दोनदा पँटसोबत धुऊन निघाला. रविवारी तर्री-पोहे खाताना मी ताईसमोर बोलून बसलो, "जुन्या डब्यावर लिनक्स टाकून सर्व्हर करून देतो, अर्ध्या तासाचं काम."

झणझणीत तर्री पोटात असताना माणसानं वचन देऊ नये.

सांबा टाकलं, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला उघडून देणारा प्रोग्राम. या नावाचं बारसंही मजेशीर आहे. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन गृहस्थाला, विंडोज फायली वाटायला जी एसएमबी नावाची भाषा वापरतं तिची एस, एम, बी ही अक्षरं ओळीनं येणारा शब्द हवा होता, म्हणून त्यानं कॉम्प्युटरलाच शब्दांची यादी चाळायला लावली. लिनक्सचा पासवर्ड सांबाला चालत नाही, त्याचा वेगळा करावा लागतो, हे कळण्यात तास गेला. पण आयपीचा, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचा आकडा टाकला की फोल्डर उघडू लागलं. टायपिंगवाल्या काकूंच्या कॉम्प्युटरवर तपासूनही पाहिलं.

भाऊजींनी 'नेटवर्क' उघडलं. "दिसून नाही राहिला बे."

"आकडा टाका ना भाऊजी, उघडते."

"आकडा कोणाच्या ध्यानात राहते? नाव दिसलं पाहिजे."

पुढचे चार दिवस मे महिन्यातले. भाऊजी कूलरसमोर, मी सर्व्हरसमोर. वर्कग्रुपचं नाव जुळवलं. सर्व्हरचं 'संत्रा' हे नाव पंधरा अक्षरांच्या आत बसतं का, तेही मोजलं. नेटवर्क 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं. पिंग केलं की संत्रा ओ द्यायचा, पण खिडकीत यायचा नाही.

मग मी निवडणुकीत पडलो. थट्टा नाही, पूर्वी नेटवर्कवरची यंत्रं खरोखर आपसात इलेक्शन घेऊन एकाला मोहल्ल्याची यादी सांभाळायला बसवत. सांबाची ओएस लेव्हल, म्हणजे या इलेक्शनमधलं वजन, मुळात २०, मी ती ६५ केली. उघड उघड घोटाळाच. संत्रा बिनविरोध निवडून आला, कारण मोहल्लाच उठून गेला होता! ही सारी लोकशाही एसएमबी-१ या जुन्या आवृत्तीच्या जमान्यातली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्याच भोकातून जगभर घुसला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं एसएमबी-१ आपणहून देणं बंद केलं. आता विंडोज 'कोण कोण आहे?' हे डब्ल्यूएस-डिस्कव्हरीच्या भाषेत विचारतं, आणि सांबाला ती येत नाही. म्हणजे मी चार दिवस मेलेल्या भाषेत प्रचार करत होतो.

इलाज निघाला 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा चिमुकला प्रोग्राम. दारात उभा राहून धन्याचं नाव पुकारणारा चोपदारच. फायरवॉलमध्ये त्याच्यासाठी ३७०२ आणि ५३५७ हे पोर्ट उघडले, भाऊजींच्या 'नेटवर्क'वर रिफ्रेश दाबलं आणि संत्रा हजर!

मी ओरडलो, "काकू, या, दिसून राहिला!"

काकूंनी मान वर केली नाही. "मले त सोमवारपासूनच उघडून राहिलं, भाऊ. तुम्ही तो आकडा टाकला होता न, त्याचा शॉर्टकट करून ठेवला. सगळ्यायच्या कॉम्प्युटरवर."

भाऊजी कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.