‘थंडीत गाडी दहा मिनिटं तापवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

डिसेंबर लागला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा एकाच आठवड्यात मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक आमच्या द्राक्षांच्या पिकअपचा ड्रायव्हर आणि एक मनालीला निघालेला मेहुणा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: थंडीत गाडी सुरू केली की दहा मिनिटं जागेवर रेस द्या. गिअर जड गेला तर गिअरबॉक्स गेला समजा. तोवर हाफ क्लचवर गाडी तापवा. उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवा. बर्फात पहिल्या गिअरमध्ये जोर लावा. सेल्फ मारताना क्लच दाबा. आणि रात्री हँडब्रेक घट्ट ओढा.

यातलं एक वाक्य पूर्ण बरोबर आहे, एक आपल्याकडे चालतं पण हिमाचलात अडकवतं. बाकीची गाडीचं नुकसान करतात, आणि काही तर जिवावर बेततील.

आधी ती दहा मिनिटं. हा सल्ला कार्बोरेटरच्या काळातला आहे. तेव्हा चोक ओढायचा, गाडी गुरगुरत ठेवायची, नाहीतर पहिल्याच वळणावर ती बंद पडायची. आताच्या गाड्यांत इंधन किती सोडायचं हे सेन्सर पाहून ठरतं, आणि गार इंजिनाला मुद्दाम जास्त इंधन दिलं जातं. पेट्रोल गाडी जागेवर ठेवली की त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिझेल इंजिन तर जागेवर नीट तापतच नाही, कारण तेव्हा ते इंधनच जेमतेम जाळतं. त्यात बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतली) डिझेल गाडी असेल तर सायलेन्सरच्या वाटेतल्या फिल्टरमध्ये काजळी साचते ती वेगळीच. आणि गार इंजिनाला रेस देणं म्हणजे घट्ट ऑइल सगळीकडे पोचायच्या आत त्याला पळवणं.

निफाडकडे पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. तेवढ्या थंडीत डिझेल गाडीचा डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझू द्या, सेल्फ मारा, अर्धा-पाऊण मिनिट थांबा आणि निघा. पहिले तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवा, इंजिन ओरडू देऊ नका. मनालीपलीकडच्या लाहौलच्या उणे तापमानात दोन-तीन मिनिटं थांबा, काच साफ होईपर्यंत. आणि बंद शेडमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवून कोणी बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. माणसाला आधी झोप येते, मग तो उठत नाही. मेसेजमध्ये याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आता गिअरबॉक्स. इथे लोकांचे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागेवर इंजिन चालवून गिअरबॉक्स तापत नाही. न्यूट्रलमध्ये आतले थोडे दात फिरतात, ऑइल जरा ढवळलं जातं, एवढंच. भार घेऊन चालल्याशिवाय ते ऑइल गरम होत नाही. डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग) आणि चाकांची बेअरिंगही तशीच गार राहतात. म्हणजे दहा मिनिटं डिझेल जाळून निघालात तरी दुसरा गिअर तितकाच जड जाणार.

तो जड का जातो? पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आतल्या दोन भागांचा वेग वेगळा असतो. बहुतेक गाड्यांत पितळेची एक रिंग शंकूच्या आकाराच्या भागावर घासून तो वेग जुळवते. तिला आपल्याकडे सिंक्रो रिंग म्हणतात. घासायचं तर मधला ऑइलचा थर बाजूला सरावा लागतो. गार ऑइल मधासारखं घट्ट होतं, थर लवकर सरत नाही, वेग जुळायला उशीर होतो आणि तोवर गिअरचा दांडा हाताला अडतो. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर मोठं, म्हणून बहुतेकदा दुसराच अडतो. पाच-सात किलोमीटर गेल्यावर दांडा मोकळा झाला तर काहीही बिघडलेलं नाही. गाडी पूर्ण तापल्यावरही अडत असेल किंवा कडकड वाजत असेल, तर मात्र दाखवा.

माझ्याच पिकअपचा दुसरा गिअर एका हिवाळ्यात असा अडायला लागला. गॅरेजवाल्याने सिंक्रो रिंगा बदलायचा खर्च सांगितला. मी आधी ऑइलच्या डब्यावरचा आकडा पाहिला. मागच्या सर्व्हिसिंगला गिअरबॉक्समध्ये ८५डब्ल्यू-१४० भरलं होतं, आणि गाडीच्या पुस्तकात होतं ७५डब्ल्यू-९०. ऑइल बदललं, रिंगा त्याच राहिल्या, गिअर सुरळीत पडायला लागले. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो. ठरलेल्या घट्टपणाच्या मर्यादेत राहायला ८५डब्ल्यूची चाचणी उणे १२ अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला आणि ७५डब्ल्यूची उणे ४० ला. म्हणून ‘घट्ट ऑइल म्हणजे मजबूत ऑइल’ हे ऐकू नका, पुस्तकातला आकडाच भरा. ऑइलचा दर्जा जीएल-४ की जीएल-५ हेही बघा. काही जीएल-५ ऑइलमधली गंधकाची रसायनं पितळेला मानवत नाहीत, आणि ते जास्त निसरडं असल्याने रिंगेची पकडही कमी होते.

ऑइल गरम होईपर्यंत दांड्याशी मारामारी करू नका. क्लच पूर्ण दाबा, दांडा गिअरच्या तोंडाशी हलका टेकवून ठेवा, तो आपोआप आत जातो. तरी अडला तर जुन्या ट्रकवाल्यांसारखा डबल क्लच मारा: न्यूट्रलमध्ये आणून पाय सोडा, पुन्हा दाबा, मग दुसरा टाका.

हाफ क्लचवर गाडी तापवायच्या सल्ल्याला तर काहीच आधार नाही. आपल्या मोटारींची क्लच प्लेट कोरडी असते, ऑइलपासून वेगळ्या घरात. तिथली उष्णता गिअर ऑइलला मिळत नाही, प्लेट तेवढी जळते.

सेल्फ मारताना क्लच दाबा, हे मात्र शंभर टक्के बरोबर. गार बॅटरी कमी जोर देते. क्लच वर असेल तर त्याच जोरात तिला गिअरबॉक्सचं घट्ट ऑइलही ढवळावं लागतं.

उतारावर न्यूट्रल. इंजेक्शनचं, म्हणजे आताचं सेन्सरवालं इंजिन तापलेलं असेल आणि गाडी गिअरमध्ये उतरत असेल, तर पाय काढल्यावर इंधन बंदच होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतः चालू राहायला इंधन लागतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एक ट्रक ४० हून अधिक गाड्यांवर जाऊन आदळला. इंजिन बंद करून ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला होता, असं प्राथमिक तपासात समोर आलं. कसारा घाट असो की वरंध, चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

बर्फाचं वाक्य मेहुण्यासाठी. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून हिवाळ्यातही लाहौलमधल्या सिस्सूला जाता येऊ लागलं. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, दोन्ही तोंडं ३,००० मीटरच्या वर. बाहेर पडताच सावलीतल्या वळणावर रस्ता काचेसारखा असू शकतो. तिथे पहिल्या गिअरमध्ये रेस दिली की चाकावर इंजिनाचा जोर कित्येक पटींनी येतो, चाक जागेवर फिरतं आणि खालचा बर्फ आणखी गुळगुळीत करतं. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत, जवळजवळ रेस न देता निघा. उतरताना दुसराच ठेवा, पण खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडू नका. चालवणारी चाकं अचानक अडकून घसरतात. घसरलीच तर क्लच दाबा, चाकं मोकळी फिरून पकड घेतील. बर्फासाठीच्या साखळ्या इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांनाच बांधा: बहुतेक छोट्या कारला पुढे, पिकअपला मागे.

आणि स्थानिक पंपावर हिवाळ्यातल्या डिझेलची चौकशी करा. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं.

राहिला हँडब्रेक. निफाडला रात्रभर ओढून ठेवा, काही होत नाही. पण सिस्सूला दिवसभर ओल्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढलात, तर आतलं पाणी गोठून ब्रेक शू ड्रमला चिकटतात आणि सकाळी मागची चाकं हलत नाहीत. सपाट जागा शोधा, गाडी पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. सकाळी सेल्फ मारण्याआधी क्लच पूर्ण दाबून न्यूट्रल करा. पाय ब्रेकवर असू द्या आणि दगड शेवटी दुसऱ्या कोणालातरी काढायला सांगा.