दाणे केले म्हणून शेणखताचं डीएपी होत नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "शेणखत दाणेदार केलं की ताकद दहापट. एकरी दोन पोती टाका, डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) आणि शेणखत दोन्ही विसरा. ताजं शेणही चालतं. भट्टीत जितकं कडक वाळवाल तितकं भारी."

आधी दहापटीचं बघू. टनभर शेणखतात निम्मं पाणी धरा. उरला ५०० किलो कोरडा माल. १५ टक्के ओलीवर आणला तर वजन ५८८ किलो. म्हणजे किलोमागे ताकद वाढली जेमतेम १.७ पट, आणि तीही पाणी उडालं म्हणून. दाणे करणं म्हणजे दळलेलं खत फिरत्या थाळीत गोल करणं, त्यात नत्र कुठून येणार? वाळलेल्या खतात १ टक्का नत्र धरलं तरी ५० किलोच्या पोत्यात अर्धा किलोच. डीएपीच्या तेवढ्याच पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. कोरडवाहू ज्वारीला एकरी वीसेक किलो नत्र लागतं. दोन पोत्यांत तिचा नाश्तासुद्धा होणार नाही.

ताजं शेण? दळताना हुमणीच्या अळ्या मरतील एक वेळ, पण तणाचं बी चाळणीतून निसटतं. ते मरायला ढीग काही दिवस ५५ अंशांच्या वर तापलेला राहावा लागतो. ढिगात हात घाला. चटका बसतोय तोवर कुजणं चालूच आहे, यंत्राकडे नेऊ नका.

कडक भाजणं तर घाट्याचंच. भट्टीपाशी डोळे चुरचुरले तर समजा, अमोनिया होऊन नत्र चाललंय. उपयोगी जिवाणूही त्यातच मरतात. ट्रायकोडर्मा (पिकाला उपयोगी बुरशी) मिसळायचा तर दाणे गार झाल्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो; सावलीत पातळ थर पसरला तरी काम होतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. डाळिंबवाल्या मित्राने आणलेल्या पोत्यातले मूठभर दाणे मी पाण्याच्या ग्लासात टाकले. संध्याकाळी तळाशी बोटभर पिवळसर गाळ! दाणा बांधायला थोडी चिकणमाती वापरतात, मान्य. पण ही मातीच शेणखताच्या भावात विकलेली.

दाणा वाईट नाही. पेरणीयंत्राच्या नळीतून मोकळा पडतो, वाऱ्यावर उडत नाही, लांब न्यायला परवडतो. ज्याचा गोठा बांधालाच आहे, त्याने मात्र शेण गोल करून घ्यायला पैसे का मोजावेत? मी ज्वारीला घरचं खत पाटीनंच विस्कटतो. दाणे घेतो ते लांबच्या बागेपुरते, तेही ग्लासात टाकून बघितल्यावर.