किर्लोस्करवाडीचे पंप आणि ‘गोरे हिरो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पाणी भरल्याने अडकलेली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक यांच्या सुटकेवरचा सिनेमा म्हणजे ‘थर्टीन लाइव्हज’. त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: सिनेमा म्हणजे गोऱ्यांनी थाई पोरांना वाचवल्याची आरती, मी त्या आरतीत टाळ कुटले, आणि ‘आपल्या किर्लोस्करच्या पंपांनी गुहा उपसली’ याचा मात्र लेखात उल्लेखही नाही. शेवटी ‘एक सांगलीकर’ अशी सही, आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातलीच, त्यामुळे दुखणं कुठलं ते कळलं!

किर्लोस्करपासूनच सुरू करतो, कारण चूक माझी आहे. किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ ५ जुलै २०१८ पासून थाम लुआंगला होते आणि पाणी उपसण्याबाबत तांत्रिक सल्ला देत होते. लेखात हे यायला हवं होतं. पण पंपांची गोष्ट फॉरवर्ड होता होता फुगली आहे. चार मोठे पंप किर्लोस्करवाडीत विमानाने पाठवायच्या तयारीत ठेवले होते. जागेवर कामी आली ती आपल्या माणसांची डोकी.

आणि गुहा उपसली गेलीच नाही हो. रात्रंदिवस पंप चालवून तोंडाकडच्या भागातलं पाणी उतरलं, तेवढ्या भागातून मुलांना स्ट्रेचरवरून नेता आलं. त्याच्या आत बुड्या मारण्यावाचून इलाज नव्हता. सगळं पाणी काढता आलं असतं, तर पाण्याखालून नेताना घाबरू नयेत म्हणून मुलांना भूल कशाला दिली असती?

भुलीचा तो प्रसंग तुम्ही पुन्हा बघा. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ आणि गुहेत बुड्या मारणारे. मुलाला जवळ घ्यायचं, पायात केटामाइनचं इंजेक्शन द्यायचं, तो निपचित पडला की तोंडावर मास्क, हात पाठीमागे बांधायचे आणि त्याचं डोकं पाण्याखाली धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं. वाटेत औषध उतरलं तर पुढचं इंजेक्शन पाणबुड्यानेच द्यायचं, आणि त्या पाणबुड्यांत डॉक्टर नव्हते. यातून एकही मूल जगेल असं खुद्द हॅरिसना वाटत नव्हतं. शेवटच्या दिवशी ब्रिटिश पाणबुड्या ख्रिस ज्युएलच्या हातून गढूळ पाण्यात दोरी सुटते, बगलेत बेशुद्ध मूल आणि तो विजेची एक वायर चाचपत राहतो. हे खरंच घडलेलं आहे. यात मला आरती दिसत नाही, घाबरलेली माणसं दिसतात.

थाई माणसं सिनेमात नाहीत, हेही पटत नाही. गुहेत मरण आलेले माजी नौदल कमांडो समान कुनान आहेत. डोंगरावरचे झरे गुहेपासून दूर वळवणारे लोक आहेत आणि ते पाणी आपल्या भातात सोडू देणारे शेतकरी आहेत. माझं आजोळ भातपट्ट्यातलं. लावणीच्या दिवसांत खाचरात पाण्याचा लोंढा सोडणं म्हणजे वर्षाचं पीक हातचं घालवणं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. प्रत्यक्षातही अनेकांनी भरपाई नाकारली. कॅमेरामन सयोम्भू मुक्दीप्रोमही थाईच. (शूटिंग मात्र बरंचसं ऑस्ट्रेलियात झालं, हा तुमच्या बाजूचा मुद्दा, तुम्हाला फुकट.)

एका बाबतीत मात्र तुम्ही म्हणता त्याहून मोठी तक्रार मी करीन. ज्यांच्या नावाने सिनेमा आहे ती बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक एकापोल यांचे चेहरे नीट लक्षात राहत नाहीत. मुलांच्या गोष्टीचे हक्क नेटफ्लिक्सच्या मालिकेकडे गेले होते, हे कारण असेलही, पण प्रेक्षकाला त्याच्याशी काय देणंघेणं? दहाव्या दिवशी ब्रिटिश पाणबुड्यांशी इंग्रजीत बोललेला अदुल हा देश नसलेला मुलगा होता. आणखी दोन मुलं आणि स्वतः प्रशिक्षक, यांच्याकडेही नागरिकत्व नव्हतं. सुटकेनंतर ऑगस्टमध्ये ते मिळालं. एवढी जबरदस्त गोष्ट सिनेमा ओझरती उरकतो. आणि मी ‘सगळ्यांना न्याय दिलाय’ असं लिहून मोकळा झालो! ते वाक्य काढून टाकलं आहे.

किर्लोस्करची ओळही लेखात घातली आहे, पंपांनी गुहा उपसल्याची नाही, तज्ज्ञांची. तुमच्या ओळखीत त्या वेळी तिकडे गेलेलं कुणी असेल तर त्यांना लिहितं करा. गुहेच्या तोंडाशी पंप कसे लावले होते ते मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.