वहीत माझं नाव

“देणगीदार शोधायला पगारी माणूस? गोरगरिबांच्या नावावर आलेल्या पैशातून आधी आपल्याच माणसाचा पगार काढायचा?”

संस्थेच्या ग्रुपवर अण्णांचा हा मेसेज पडला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. हातमोजे काढून तिथेच उभ्याउभ्या उत्तर लिहिलं, बोटं बधिर झाली, मग वाचून पाहिलं आणि खोडून टाकलं. त्याला चार दिवस झाले. राग तसाच आहे.

संस्था म्हणजे फार मोठं काही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी संध्याकाळच्या दोन अभ्यासिका. भाडं, लाइटबिल, दोन शिक्षिकांचं मानधन, दहावीच्या गाईडा. अण्णा खजिनदार, बँकेतून निवृत्त. मी इथं ओहायोत बसून ‘सल्लागार’. आमच्याच अभ्यासिकेतून बीकॉम झालेल्या एका मुलीला महिना आठ हजारांवर ठेवू, तिनं फक्त देणगीदारांची माहिती काढायची, एवढंच मी सुचवलं होतं. त्यावर अण्णांचा तो मेसेज, आणि खाली अकरा अंगठे.

गेल्या वर्षी याच अण्णांनी दोनशे कंपन्यांना एकच पत्र पाठवलं होतं. ‘माननीय महोदय, आपल्या दातृत्वाची कीर्ती ऐकून...’ कोणाची कीर्ती, कुठे ऐकली, काही पत्ता नाही. टपालखर्च सोडा, पण एका ठिकाणाहून उत्तर म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर आलं. ते अभ्यासिकेत टांगलंय.

मी इथल्या फूड पँट्रीच्या, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेच्या, समितीवर आहे. दर सप्टेंबरला आम्ही पाचसहा जणी लायब्ररीत बसतो आणि देणग्या देणाऱ्या फाउंडेशनांचे फॉर्म नऊशेनव्वद-पीएफ, म्हणजे त्यांची करविवरणं, उघडतो. कुठल्याही खासगी फाउंडेशनला तो दरवर्षी भरावाच लागतो आणि तो कोणीही वाचू शकतं. विश्वस्त कोण, मालमत्ता किती, कोणाला किती दिले, न बोलावता आलेले अर्ज घेतात की नाही, सगळं त्यात असतं. मालमत्तेच्या साधारण पाच टक्के दरवर्षी वाटायचेच, हा कायदा. म्हणजे ‘ते देतील का’ हा प्रश्नच नसतो, ‘आपल्यासारख्यांना देतात का’ एवढंच बघायचं. दहा हजारांच्या वर कधी न गेलेल्या फाउंडेशनकडे लाख मागितले तर चूक आपली.

यावर अण्णा म्हणणार, “ते तुमच्या अमेरिकेत.” बरं. मग 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 काय सांगतं? पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यातलं एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर. आणि कंपनी जिथं चालते त्या भागाला प्राधान्य द्या, असंही तिथंच लिहिलंय. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं वीजकेंद्र आहे, ते काय न्यू जर्सीत आहे? कोणत्या कंपनीनं कोणत्या राज्यात किती खर्च केला हे सरकारच्या सीएसआर पोर्टलवर फुकट दिसतं. वार्षिक अहवालाच्या जोडपत्रात प्रकल्पांची यादी असते. दोनशे पत्रांऐवजी ही दोनशे जोडपत्रं वाचली असती तर बारा नावं उरली असती. बारा नावांना वेगवेगळी पत्रं लिहिता येतात. आणि हो, त्याआधी संस्थेनं सीएसआर-1, म्हणजे असा पैसा घेण्यासाठीचा नोंदणी फॉर्म, भरलेला लागतो. तो आम्ही भरलाय का, या माझ्या प्रश्नाला ग्रुपवर ‘सुप्रभात’चं गुलाबाचं फूल आलं.

देणगीदार शोधायच्या या कामात तीन गोष्टी तपासतात. मी त्यांचं मराठी करून ठेवलंय: ओळख, ऐपत आणि ओढ. आपल्याकडे सगळा भर पहिल्या दोनांवर. अमुक साहेबांचं पत्र आणा, तमुक शेठजींकडे पैसा आहे. ज्याला या कामाची ओढ आहे तो शोधायचा, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. माहिती काढणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात डोकावणं, आणि आंधळेपणानं हात पसरणं म्हणजे सेवा! हिराचंद नेमचंद वाचनालय, हरिभाई देवकरण प्रशाला, आपण रोज शेठजींचीच नावं घेत लहानाचे मोठे झालो. पैशाचं नाव काढायला एवढी लाज कधीपासून?

इथं एक कबूल करते, कारण ग्रुपवर केलं नाही. इथंही सगळं स्वच्छ नाही. डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून, म्हणजे देणारा आधी पैसे ठेवतो आणि मग कोणाला द्यायचे ते सुचवतो अशा फंडातून, चेक येतो तेव्हा मूळ देणारा कोण हे पुष्कळदा कळत नाही, आणि त्या फंडांना पाच टक्क्यांचं बंधनही नाही. हे लिहिलं असतं तर अण्णांच्या हातात कोलीत मिळालं असतं. म्हणून गाळलं.

आणि खरं सांगायचं तर हे शास्त्र मी लायब्ररीत शिकलेच नाही. सोलापुरात दक्षिण कसब्यात आमच्या गल्लीतली पोरं गणपतीची वर्गणी मागायला निघायची तेव्हा कोणत्या घरी सकाळी जायचं, कोण एकवीसवर अडतो आणि कोणाला शेजाऱ्याची पावती दाखवली की तो एक्कावन्न देतो, हे सगळं त्यांना पाठ असायचं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, वेळी घरात पाहुणे असताना मागायला गेलं तर कोणी नाही म्हणत नाही, हेही. इथं त्याला मी ‘प्रॉस्पेक्ट रिसर्च’ म्हणते आणि समितीतल्या बायका माना डोलावतात.

तुम्ही विचाराल, एवढं कळतं तर तू का देत नाहीस? ग्रुपवरही एकानं विचारलं, हसरा चेहरा टाकून.

मला देता येत नाही. 2021 मध्ये मी इथं अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. हॉलमध्ये छोटे झेंडे वाटले, फोटो झाले, घरी येऊन शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून एफसीआरएच्या, म्हणजे भारताच्या विदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, लेखी मी परदेशी स्रोत झाले. भारतीय पासपोर्टवर असते तर बँकेतून पाठवलेली माझी बचत साधी देणगी ठरली असती. आता परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तोच पैसा विदेशी, आणि आमच्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी नाही. दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं काढा, दरवर्षी वेगळं विवरण भरा, हा व्याप नको असं समितीचं ठरलंय. दोन वर्षांपूर्वी मी अण्णांना हळूच म्हटलं होतं, भावाच्या खात्यावर टाकते, तो त्याच्या नावानं देईल. पारदर्शकतेवर भाषणं देणारी मी! अण्णा म्हणाले, “ताई, तसं नको. उद्या विचारलं तर मी काय सांगू?” विषय तिथंच संपला.

परवा त्या मुलीकडून अण्णांच्या वहीचे फोटो मागवले. म्हटलं, बघू तर खरं यांच्याकडे माहिती किती आहे. लाल कापडी पाठीची फुलस्केप वही, पट्टीनं आखलेले रकाने, बँकेतलं वळणदार अक्षर. एका चादर कारखानदारापुढे: ‘दिवाळीआधी विचारू नये, बोनसची ओढाताण. फेब्रुवारीत बरं.’ एका मेडिकल दुकानदारापुढे: ‘पत्नीची आई विड्या वळायची. पत्नीशी बोलावे. पावती तिच्याच नावे.’ मी खुर्चीत सरळ बसले. ओढ! अण्णांनी त्याला नाव दिलं नव्हतं, एवढंच. अशी चाळीस पानं. कंपन्यांना दोनशे पत्रं पाठवणारा माणूस आणि हा माणूस एकच, हे मला अजून जुळवता येत नाही.

सव्विसाव्या पानावर मी होते.

‘ताई (अमेरिका). 2019 ला दक्षिण कसब्यातलं घर विकलं. आई नुकती गेलेली, म्हणून विचारलं नाही. राहून गेलं. आता कायद्यात बसत नाही. सल्ला देतात.’

घर विकलं की माणसाच्या हातात पैसा येतो, तेव्हा विचारावं, हे मी इथल्या नव्या स्वयंसेवकांना पहिल्या तासाला सांगते. 2019 ला माझा पासपोर्ट निळा होता खरा, पण भारताचा. विचारलं असतं तर दिले असते का? दिले असते बहुतेक. त्या पैशातून आम्ही इथं बेसमेंट करून घेतलं.

ती मुलगी आता वही एक्सेलमध्ये उतरवतेय. पगाराचं अजून ठरलेलं नाही. काल तिनं विचारलं, “मॅडम, सव्विसाव्या पानावरची ती ओळ घ्यायची का?” निळ्या खुणा तिला दिसल्या असतील. उत्तर अजून दिलेलं नाही.