काळा दगड, ग्रॅनाइट आणि माझी चुकलेली फरशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नावाच्या जागी तुम्ही 'जुना गुत्तेदार, सोलापूर' एवढंच लिहिलंय आणि चाळीस वर्षं दगडात गेली म्हणताय, म्हणून काका म्हणतो. राग नसावा.

सोलापूरचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: "इथं टेकाड नाही धड, ज्वालामुखी कुठनं आणला? हा काळा ग्रॅनाइटच आहे, विहिरीच्या दगडात पांढरे ठिपके दिसतात की ओ. काळा झाला तो जळून. आणि फोटोत टाकलाय तो दगड कुठला ते तरी बघा. घरी बसून लिहायचं सोपं असतं."

आधी फोटोचं. तिथं तुम्ही मला बरोबर पकडलंत. तो आमच्या जुन्या वाड्यातल्या पायरीचा फोटो होता आणि ती पायरी शहाबादी फरशीची आहे. धुऊन, ओली असताना काढला, काळीभोर दिसली, मी बेसाल्ट म्हणून चिकटवून मोकळा झालो. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. गुलबर्ग्याहून वाडीला जाताना लागतं ते शहाबाद. ती चुनखडी समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झाली, आपला लाव्हा यायच्या कितीतरी कोटी वर्षं आधी. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्या पायरीवर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर पांढुरका डाग राहिला (आईने तो पाहिलाय, त्यावर इथं लिहीत नाही). तेच लिंबू पाट्यावर पिळा, काही होत नाही. आपल्या बायका पिढ्यानपिढ्या चिंच, लिंबू, कैरी पाट्यावरच वाटत आल्या.

आता ग्रॅनाइट. आमच्याकडे आजीच्या पाट्याचा एक फुटका कोपरा आहे. वडील मागावर होते, त्यांचं चादरीचे धागे मोजायचं घडीचं भिंग अजून घरात आहे. ते त्या ताज्या फुटीवर ठेवून उन्हात बघितलं. नुसत्या डोळ्याला सपाट काळा दिसणारा दगड भिंगाखाली काळा राहतच नाही. राखाडी, हिरवट काळा, आणि मधे मधे सुईच्या टोकाएवढ्या चपट्या काड्या, दगड हलवला की चमकणाऱ्या. त्या काड्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या. मधला काळपट भाग मुख्यतः पायरॉक्सिन या दुसऱ्या, गडद खनिजाचा, आणि त्यात लोहाचे काळे कण. खऱ्या ग्रॅनाइटचे दाणे भिंगाशिवाय दिसतात, ज्वारीएवढे, कधी हरभऱ्याएवढे, आणि त्यात काचेसारखी गारगोटी भरपूर असते. बेसाल्टमध्ये ती जवळपास नसतेच.

कारण दोघांचा मसाला वेगळा. ग्रॅनाइटमध्ये सिलिका (गारगोटी ज्याची बनते तेच) सत्तर टक्क्यांच्या आसपास. बेसाल्टमध्ये ४५ ते ५२. आपल्या दख्खनच्या दगडाचा ढोबळ हिशोब सांगायचा तर शंभर किलोत पन्नासेक किलो सिलिका, तेरा-चौदा किलो लोहाची ऑक्साइडं, जवळपास तेवढंच अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, दहा किलोच्या आसपास चुना, पाच-सहा किलो मॅग्नेशिया आणि दोन-तीन किलो टायटॅनियमचं ऑक्साइड. वजनातही फरक पडतो. भरीव ग्रॅनाइटचा एक घनफूट ७५ किलोच्या आसपास, भरीव बेसाल्टचा ८० च्या पुढे. ट्रक भरताना हे तुमच्या हाताला माझ्याआधी कळलं असणार.

पण तुमचं म्हणणं सगळंच टाकाऊ नाही. ओट्याला बसवतात तो 'काळा ग्रॅनाइट' बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट नाहीतर गॅब्रो असतो. मसाला जवळपास बेसाल्टचाच, फक्त तो रस वर न येता जमिनीखाली सावकाश निवला, म्हणून दाणे मोठे झाले आणि पॉलिश छान धरतं. पृष्ठभागावर येऊन पटकन थिजला तो बेसाल्ट, दाण्यांना वाढायला वेळच मिळाला नाही. म्हणजे ओट्याचा दगड आणि विहिरीचा दगड नात्यातले, इतपत तुमचं खरं. मात्र दुकानदाराने चिकटवलेलं ग्रॅनाइट हे नाव दोघांनाही लागत नाही.

विहिरीतल्या पांढऱ्या ठिपक्यांनी तर भल्याभल्यांना चकवलंय. लाव्हा थिजताना त्यातले वायू बाहेर पडायला धडपडतात. अडकले की जाळीदार पावासारखी भोकं राहतात. पुढे त्या भोकांतून हजारो-लाखो वर्षं खनिजं विरघळलेलं पाणी मुरत गेलं आणि त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, कुठे गारगोटी साचत गेली. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच. ठिपका दगडाबरोबर जन्मलेला नाही, नंतर आत येऊन बसलेला आहे. ओळखायचं कसं? ग्रॅनाइटमध्ये पांढरा आणि काळा दाणा एकमेकांत गुंतलेला असतो. इथं ठिपका गोल, नाहीतर बदामासारखा, आणि कधी कधी अख्खा निघून येतो, मागे गुळगुळीत खळगा ठेवून.

जळण्याचं एका वाक्यात संपतं: काहीच जळलं नाही. लाव्हा ११०० ते १२०० अंशाला वितळलेला दगड असतो, त्याला ज्वाळा नसते, कोळसा होईल असं त्यात काही नसतं. काळेपणा पायरॉक्सिन आणि लोहाच्या कणांचा. आमच्या गल्लीत बांधकामाला आणलेल्या कचेत मी जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला. कच राखाडी, पण चुंबकाला मिशीसारखे काळे कण चिकटले. ते मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज. हेच लोह हवेपाण्यात गंजलं की दगडाचा पिवळट तांबूस मुरूम होतो, जो तुम्ही रस्त्याखाली पसरत आलात.

राहता राहिला ज्वालामुखीचा डोंगर. सोलापुरात तो नाही, कबूल. आणि शोधायचाही नाही. दख्खनचा लाव्हा शिखरावरून कमी आणि जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून जास्त आला. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी इथे असंच झालं होतं, पंचवीसेक किलोमीटरची भेग आठ महिने लाव्हा ओकत होती. आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालं ते त्याच्या कितीतरी पट. आज उरलेला पसारा ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. बेसाल्टचा रस पातळ, म्हणून ढीग न होता पूर आल्यासारखा पसरला. सोलापूर सपाट दिसतं यात त्याचाही हात आहे. पूर्वेकडे जाताना थर पातळ होत जातात. कोयनेजवळ भोक पाडलं तेव्हा बेसाल्ट नऊशे मीटरच्या वर निघाला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला पाडलं तेव्हा तो साडेतीनशे मीटरच्या आतच संपला आणि खाली लागला ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. आता हसा. ग्रॅनाइट आहे म्हणालात, तर या भागात तो सापडतोच, फक्त काही शे मीटर खाली.

तुमच्यासारखं मत असणाऱ्यांत मोठमोठे विद्वान होऊन गेलेत, हेही सांगतो. अठराव्या शतकात जर्मनीतला वेर्नर नावाचा भूशास्त्रज्ञ शिकवायचा की बेसाल्ट पाण्यात साका बसून तयार झाला, ज्वालामुखीचा काही संबंध नाही. फ्रान्समध्ये देमारे नावाचा माणूस ओव्हेर्न्यच्या डोंगरांत पायी फिरला, खांबासारख्या बेसाल्टचा माग काढत जुन्या ज्वालामुखींपर्यंत पोचला, आणि तरीही वाद कित्येक वर्षं चालला.

'घरी बसून' हा टोमणा मात्र मान्य. खाणीत मी दोनदाच गेलोय, तेही सुट्टीच्या दिवशी, काम बंद असताना. फोटो काल रात्री बदलला, खाली चूकही लिहिली. तुमच्या ओळखीच्या खाणीवर न्यायचं जमत असेल तर एखाद्या रविवारी सकाळी येतो, भिंग आणि चुंबक घेऊन. आणि विहिरीतला तो पांढऱ्या ठिपक्यांचा दगड तेवढा फोडू नका, तसाच ठेवा.